पंधरा हजारांत गाडीचं सस्पेन्शन: आधी रबर, मग शॉकअप, स्प्रिंग सगळ्यात शेवटी

आमच्या गाडीचं सस्पेन्शन गेलंय हे घरात सगळ्यात आधी आईला कळलं. महेश्वरहून इंदूरला परत येत होतो, ती मागच्या सीटवर, मानपूर मागे पडलं आणि म्हणाली, "अरे, तुझ्या या गाडीपेक्षा आमच्या वेळचा टांगा बरा होता." मी नेहमीसारखं रस्त्यावर ढकललं. पुढच्या रविवारी मात्र बायकोला गाडी चालवायला दिली आणि मी स्वतः मागे बसलो, रिंग रोडवर एका साध्या उंचवट्यावरून गाडी गेली आणि एकदा उसळून पुढे तीनदा डुलत राहिली, तेव्हा पटलं. गाडी २०१४ ची स्विफ्ट, पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली, ८४ हजार किलोमीटर झालेली. आणि या कामासाठी खिशात मोजून १५ हजार, त्यावर एक रुपया नाही कारण मुलाची फी त्याच महिन्यात होती.

विचारलं तर तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या. एका वर्कशॉपने "सगळंच बदलावं लागेल" म्हणून २८ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. ऑफिसातला एक पोरगा म्हणाला, "सर, कॉइलओव्हर डलवा लो, लाइफ बन जाएगी." (कॉइलओव्हर म्हणजे उंची आणि कडकपणा हाताने बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट.) आणि तिसरा म्हणाला हजार रुपयांत शॉकर (म्हणजे शॉकअपच) भरून देतो, नव्यासारखे होतील. तिघांचंही ऐकलं नाही. महिना-दीड महिना गाडीखाली आडवा पडून, मेकॅनिकच्या डोक्यावर बसून जे समजलं ते इथे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील: पैसे कमी असले की ते आधी रबरात, म्हणजे बुश-माउंटिंगमध्ये, घाला, मग शॉकअपमध्ये, आणि स्प्रिंगला हात लावायचाच असेल तर शेवटी. आणि नवीन काही घ्यायच्या आधी जुन्यातलं नक्की काय मेलंय ते शोधा, कारण आपल्यापैकी बहुतेकांना सस्पेन्शन "अपग्रेड" करायचंच नसतं, गाडी शोरूममधून निघाली तेव्हा चालायची तशी चालावी इतकंच हवं असतं.

आता खाली काय काय असतं ते पटकन. आपल्या छोट्या गाड्यांमध्ये पुढे बहुतेक मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग असा एकच उभा खांब, वर बॉडीला धरणारं रबरी माउंटिंग आणि त्यात एक बेअरिंग. खाली लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, त्याचे दोन बुश (रबर भरलेल्या छोट्या नळ्या) आणि एक बॉल जॉइंट, म्हणजे फिरता सांधा. दोन्ही चाकांना आडवं जोडणारा स्टॅबिलायझर बार, तो चेसिसला धरून ठेवतात ते डी बुश, आणि त्याच्या टोकांना लिंक रॉड. मागे स्विफ्टसारख्या गाडीत टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीम), स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा, त्यामुळे मागचं काम सोपं आणि स्वस्त. एक गैरसमज सगळीकडे दिसतो की गाडी बसली म्हणजे शॉकर गेले. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते. शॉकअपचं काम स्प्रिंगचा नाच थांबवणं, एवढंच. गाडी खाली बसली असेल तर नवे शॉकअप टाकून ती वर येणार नाही, पैसे मात्र जातील.

सगळ्यात पहिलं काम फुकटातलं आहे आणि ते कोणी करत नाही. टायरमधली हवा बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर किती हवा भरायची ते छापलेलं असतं, आणि आपल्याकडे पंपावरचा भिया सगळ्यांना सरसकट ४० भरून मोकळा होतो. टणक टायर म्हणजे प्रत्येक छोटा खड्डा थेट पाठीत. माझ्या गाडीत ३८ निघाली. सकाळी टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे केली तर अर्ध्या तक्रारी नाही पण पावभर तक्रारी तिथेच गेल्या. आधीच्या मालकाने मोठे अलॉय आणि पातळ टायर टाकले असतील तर तेही बघा, टायरची भिंत हीसुद्धा एक स्प्रिंगच असते, ती दोन बोटांची राहिली की वरचं सस्पेन्शन कितीही चांगलं असो गचके लागणारच. अशा वेळी मूळ मापाचा टायर परत टाकणं हेच सगळ्यात मोठं अपग्रेड, पण टायर घासलेले असतील तरच करा, चांगले टायर फेकून नाही.

मग आवाज ऐका. हे नीट केलं तर निम्मे पैसे वाचतात म्हणून जरा लांबण लावतो.

कॉलनीतल्या रस्त्यावर १५-२० च्या वेगाने, खिडक्या उघड्या, रेडिओ बंद, आणि शेजारी कोणाला तरी बसवा. एक चाक खड्ड्यात जातं आणि दुसरं नाही, तेव्हा कट-कट असा हलका आवाज येत असेल, पण सरळ स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली की येत नसेल, तर लिंक रॉड किंवा डी बुश. कारण असं की स्टॅबिलायझर बारला ताण दोन चाकं वेगवेगळी वरखाली झाली तरच येतो, दोन्ही सोबत गेली तर तो आपला नुसता फिरतो. हा सगळ्यात स्वस्त रोग आहे आणि गॅरेजमध्ये याच आवाजावर "शॉकर गए" म्हणून सांगितलं जातं.

सरळ ब्रेकरवरही धप्प असा भरीव आवाज येत असेल तर माउंटिंग किंवा शॉकअप. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवा, दुसऱ्याला बॉनेट उघडून स्ट्रटच्या टोकावर हात ठेवायला सांगा, स्प्रिंग अडकून टण्णकन सुटल्यासारखं हाताला लागलं तर माउंटिंगमधलं बेअरिंग संपलं. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकताना किंवा ब्रेक मारताना एक धक्का खालून येतो आणि गाडी किंचित बाजूला सरकल्यासारखी वाटते, तो लोअर आर्मचा बुश. बॉल जॉइंट मात्र आवाजावर सोडू नका, गाडी जॅकवर घेऊन आर्मखाली लोखंडी पहार लावून हलवून बघायला सांगा, जरा जरी खेळ दिसला तरी बजेट वगैरे विसरून तो आधी, कारण तो सुटला तर चाक आडवं पडतं. पुष्कळ गाड्यांत बॉल जॉइंट आर्मसकटच येतो, तेव्हा तो खर्च वेगळा धरून ठेवा.

शॉकअपची परीक्षा म्हणजे बॉनेटचा कोपरा दाबून सोडणं, हे सगळ्यांना माहीत आहे. गाडी वर येऊन जागेवर थांबली पाहिजे, दोन-तीनदा झुलली तर गेला. पण या परीक्षेत फक्त पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो, अर्धमेला पास होतो. त्यामुळे अजून दोन गोष्टी बघा. शॉकअपच्या अंगावर नुसती धूळ चिकटलेली ओलसर छटा असेल तर घाबरायचं कारण नाही, पण तेलाचा ओघळ खालपर्यंत आलेला असेल तर सील फाटलं. आणि टायरच्या गोलाईवरून हात फिरवा, घासलेला टायर सपाट लागतो, शॉकअप गेलेल्या गाडीचा टायर हाताला लाटा-लाटांचा लागतो कारण चाक रस्त्यावर टिकून न राहता उड्या मारत चाललेलं असतं. माझ्या मागच्या डाव्या टायरवर त्या लाटा एवढ्या स्पष्ट होत्या की मुलगा म्हणाला बाबा हा पापड आहे का.

स्प्रिंगसाठी टेप घ्या. सपाट जागी गाडी उभी करा, चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची हवा मध्ये येते. डाव्या-उजव्यात चार-पाच मिलिमीटरचा फरक चालतो, दीड-दोन सेंटिमीटरचा असेल तर एखादी स्प्रिंग बसलीय किंवा तिचा खालचा वेढा तुटलाय, टॉर्च लावून बघा. माझ्या चारही ठीक निघाल्या, म्हणजे स्प्रिंगचा खर्च शून्य, आणि २८ हजारांच्या एस्टिमेटमध्ये त्या चारही लिहिलेल्या होत्या.

आता खरेदी. छोटी ग्वालटोलीत पार्ट्सची दुकानं एकाला एक लागून आहेत, तिथे जायच्या आधी घरी एक काम करा: आरसी किंवा चेसिस नंबरवरून गाडीचा महिना-वर्ष, पेट्रोल की डिझेल, कोणतं व्हेरिएंट हे लिहून घ्या आणि जमलं तर कंपनीच्या पार्ट काउंटरवरून पार्ट नंबर काढून घ्या. डिझेलचं इंजिन जड, त्याची पुढची स्प्रिंग वेगळी, पुढचा डावा आणि उजवा स्ट्रट वेगळा, आणि एकाच नावाच्या गाडीच्या दोन पिढ्यांचं काही जुळत नाही. "स्विफ्ट का शॉकर देना" एवढ्यावर जो माणूस पटकन डबा काढतो त्याच्याकडून घेऊ नका, जो आधी "कौन सी, कब की" विचारतो त्याच्याकडून घ्या.

कोणता ब्रँड यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझ्या बजेटमध्ये चार पर्याय होते: कंपनीचा जेन्युइन, गॅब्रिएल, मन्रो आणि केवायबी. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासूनची आपली कंपनी, तिचा एक कारखाना इथे देवासला आहे त्यामुळे इंदूरवाल्यांना उगाच घरचं वाटतं. मन्रो मुळात अमेरिकन, केवायबी जपानी. या चारांत ज्याचा तुमच्या गाडीचा नेमका नंबर मिळतो, पक्कं बिल मिळतं आणि दुकानदार वॉरंटीला उभा राहतो तो घ्या. ज्या कंपन्या नव्या गाड्यांना शॉकअप पुरवतात त्याच बाजारातही विकतात, त्यामुळे कधीकधी जेन्युइनच्या डब्याचे पैसे हे डब्याचे पैसे असतात. पण माउंटिंग आणि बेअरिंगच्या बाबतीत मी उलटा जातो, तिथे शक्यतो कंपनीचं, कारण लोकल रबर एका उन्हाळ्यात कडक होतं आणि पुन्हा तेच सगळं खोलावं लागतं.

गॅस की ऑइल हा दुसरा वाद. गॅसवाल्यातही तेल असतंच बरं का, नुसती हवा नसते. खराब रस्त्यावर शॉकअप सतत वरखाली होतो, तेल गरम होतं, त्यात फेस येतो आणि फेसाला जोर नसतो, म्हणून लांबच्या प्रवासात शेवटी शेवटी गाडी जास्त डुलते. नायट्रोजन गॅसच्या दाबाने तो फेस कमी होतो. फरक थोड्याच पैशांचा असला तर गॅस घ्या. त्याच्यावरचा प्रकार म्हणजे मोनोट्यूब (एकाच नळीचा गॅस शॉकअप), बिलस्टीनचे बी६ वगैरे, आणि उंची कमी केलेल्या गाड्यांसाठी बी८. माल उत्तम, प्रश्नच नाही, पण तो माझ्या बजेटच्या कितीतरी पलीकडे. कॉइलओव्हरची तर गोष्टच सोडा. उंची आणि कडकपणा हाताने कमीजास्त करता येतो हे खरं, पण ते ट्रॅकवर पळवणाऱ्यांचं खेळणं आहे, आपल्याला भंवरकुआं ते विजयनगर जायचंय. आणि बिननावाचे स्वस्त कॉइलओव्हर हा तर सगळ्यात महाग सौदा, त्यांचे सुटे पार्ट कुठे मिळणार हे विकणाऱ्यालाच माहीत नसतं.

दुकानात काउंटरवर एक प्रयोग नक्की करा. माझा मागचा जुना शॉकअप मी आधीच काढून सोबत नेला होता. उभा धरून रॉड तळहाताने खाली दाबला तर लोण्यात सुरी जावी तसा गेला, मध्ये एका जागी काहीच विरोध नाही, आणि खाली गेला तो तिथेच राहिला. मग नव्याला दाबून बांधलेली पट्टी काढायला सांगितली आणि तोच दाब दिला, तर तो सगळीकडे सारख्या जोराने, सावकाश, जरा हट्टाने खाली गेला आणि हात काढल्यावर गॅसच्या दाबाने आपणहून हळूहळू वर आला. दुकानातल्या पोराने हसून माझ्याकडे पाहिलं, पण हे पाहिल्यावर मला कोणाचं काही ऐकायची गरज उरली नाही.

डुप्लिकेट मालाचं सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी माझ्या आधीच्या गाडीसाठी एका दुकानातून (नाव नको) नामवंत कंपनीच्या डब्यातले शॉकअप तिसरा हिस्सा स्वस्त मिळाले म्हणून खूश होऊन घेतले. पावसाळा संपायच्या आत एकाचं तेल बाहेर. डबा हुबेहूब, पण नंतर नीट बघितलं तर वेल्डिंग ओबडधोबड, आणि अंगावर बॅच नंबर किंवा तारीख काही कोरलेलं नाही. परत न्यायला गेलो तर बिल कुठाय, आणि बिल कच्च्या कागदावर. तेव्हापासून नियम असा की डब्यावरची एमआरपी, महिना आणि नंबर हे शॉकअपच्या अंगावरच्या नंबराशी जुळवायचे, स्कॅन करायचा कोड असेल तर तिथेच स्कॅन करायचा, आणि जीएसटीचं बिल घ्यायचं. बिलाचे चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.

काय करू नका हेही सांगतो, कारण कमी पैशांत सगळे शॉर्टकट इथेच भेटतात.

शॉकर "भरून" घेणं: जुन्याला भोक पाडून जाड तेल भरतात आणि वेल्ड करतात. सील तेच जुनं, आतले व्हॉल्व्ह तेच घासलेले, गॅस नाही. पहिले पंधरा दिवस गाडी कडक लागते आणि माणूस खूश होतो, जाड तेलामुळेच, मग परत तेच. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे बफर अडकवणं हा दुसरा. त्याने गाडी थोडी वर दिसते खरी, पण तो वेढा कामातून बाद होतो, बाकीच्यांवर ताण वाढतो आणि मेलेला शॉकअप मेलेलाच राहतो. आणि स्प्रिंग कापणं, हे तर नकोच. सहा वेढ्यांची स्प्रिंग एक वेढा कापून पाचाची केली की ती सुमारे २० टक्के कडक होते, हे साधं गणित आहे, वेढे कमी तितकी स्प्रिंग ताठ. गाडी खाली येते, शॉकअपचा प्रवास कमी होतो, बंप स्टॉपवर (शेवटचा धक्का झेलणारं रबर) आदळत राहते आणि चाक लटकलं तर स्प्रिंग आपल्या खोबणीतून सरकू शकते. आपल्या कॉलन्यांतले ब्रेकर माहीत आहेत ना? इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय, आपल्याकडे कोणीतरी घरासमोर सिमेंटची भिंत उभी केल्यासारखा हातभर रुंदीचा बांधून ठेवतो. त्यावर कापलेल्या स्प्रिंगची गाडी म्हणजे ऑइल चेंबर फुटायची वाट बघणं.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलंय. घासलेला शॉकअप काढून त्याच मापाचा दुसरा बसवणं हा बदल नाही, ती दुरुस्ती. उंची खालीवर करणं वेगळं, आणि उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला हीच गोष्ट धरून बसेल.

कबाड्याकडचा माल? स्प्रिंग घ्यायला हरकत नाही, त्याच मॉडेलची, न तुटलेली, आणि दोन्ही बाजूंच्या एकाच गाडीतल्या. शॉकअप आणि रबर कबाड्याकडून कधीच नाही. सीएनजी बाहेरून बसवली असेल तर मागच्या स्प्रिंगचा प्रश्न खरा असतो, सिलिंडरचं वजन कायमचं मागे असतं, कंपनी फिटेड सीएनजीत मागचं सस्पेन्शन त्या हिशोबाने दिलेलं असतं, तेव्हा त्याच मॉडेलच्या कंपनी सीएनजीच्या मागच्या स्प्रिंगचा नंबर काढून त्या घ्या, बफरच्या नादी लागू नका.

अजून एक, शॉकअप नेहमी जोडीने बदला. पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा एक जुना असला तर ब्रेक मारताना आणि वळणावर गाडी एका बाजूला वेगळी वागते, भेरूघाटासारख्या वळणांवर ते कळतं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पैसे चारांचे नसतील तर दोनच घ्या, पण दोन.

माझा हिशोब असा झाला. लिंक रॉडची जोडी ९००, डी बुश २५०, पुढची दोन माउंटिंग बेअरिंगसकट १७००, बंप स्टॉप आणि धुळीचे बूट दोन्ही बाजूंचे ७००, पुढचे स्ट्रट ४६००, मागचे शॉकअप २६००, लोअर आर्मचे चार बुश ८०० आणि ते प्रेसवर बसवून घ्यायचे ४००, मजुरी २२००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ८००. एकूण १४ हजार ९५०. पन्नास रुपये उरले त्याचे पोहे-जिलबी खाल्ले. तुमच्या गाडीचे भाव वेगळे असतील, पण प्रमाण बघा, रबर-बुश-लिंक हे सगळं मिळून पार्टांच्या पैशांतला तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग आहे आणि आवाज जवळजवळ सगळा त्यांनीच गेला. तुमच्याकडे पाच हजारच असतील तर लिंक रॉड, डी बुश, माउंटिंग, आणि अलाइनमेंट एवढंच करा, शॉकअप दिवाळीनंतर. एक अडचण आहे ती सांगून ठेवतो: माउंटिंग बदलायला स्ट्रट खोलावाच लागतो, म्हणजे पुढचे शॉकअप सहा महिन्यांत बदलायचेच असतील तर ती मजुरी दोनदा जाईल. अशा वेळी माउंटिंग थांबवा, लिंक-बुश आत्ता करा आणि पुढचा स्ट्रट-माउंटिंग-बूट हा सेट एकत्र करा. नव्या स्ट्रटवर जुनं माउंटिंग आणि फाटका बूट बसवणं म्हणजे नव्या सदऱ्याला जुनी कॉलर.

बसवताना मी तिथेच उभा राहतो, मेकॅनिकला राग आला तरी. चहा सांगितला की राग जातो. काय बघायचं ते सांगतो.

स्ट्रटमधली स्प्रिंग दाबायला नीट स्प्रिंग कॉम्प्रेसर हवा, दोन्ही बाजूंनी सारखा आवळलेला. दोरी-तार बांधून काढणारा गॅरेजवाला असेल तर गाडी घेऊन परत या, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मारते. घरी स्वतः करायचा मोह तर अजिबात नको, मागचे शॉकअप हवं तर घरी करा, पुढचे नाही. वरचा नट एअर गनने सोडू-आवळू देऊ नका, रॉड आतल्या आत गरगर फिरतो आणि नवं सील पहिल्याच दिवशी दुखावतं, रॉडच्या टोकाला ॲलन की धरून पान्याने आवळायचा. रॉड पक्कडने धरला तर त्याच्या चकचकीत अंगावर ओरखडा पडतो आणि तोच ओरखडा सील कापतो. नवा शॉकअप बसवायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्या, आडवा पडून राहिल्याने आत हवा शिरलेली असते ती निघते. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर असेल तर ती स्ट्रटवरून आधी मोकळी करायची, नाहीतर खाली लटकलेल्या हबचं (चाक ज्यावर बसतं तो भाग) सगळं वजन त्या पाइपवर येतं.

आणि आता ती गोष्ट जी नव्वद टक्के गॅरेजमध्ये चुकीची होते असं मला वाटायला लागलंय. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत, चाकं लटकलेली असताना फायनल आवळायचे नाहीत. बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, बोल्ट आवळला की आतली नळी तिथेच जाम होते. लटकलेल्या स्थितीत जाम केली तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतसुद्धा. आधीच्या गाडीत माझ्याबरोबर हेच झालं होतं, पाच महिन्यांत दोन्ही बुश फाटले आणि मला सांगण्यात आलं "रोड खराब है भिया". या वेळी मी बोल्ट आधी हाताने लावून घेतले, गाडी रॅम्पवर चाकांवर उभी केली, दोनदा दाबून हलवली आणि मग पाना चालवला. मेकॅनिक म्हणाला एवढं कोणी करत नाही. म्हटलं म्हणूनच तुमच्याकडे गर्दी असते.

स्ट्रट खालून दोन बोल्टांनी हबला धरलेला असतो, तिथे चाकाचा कॅम्बर, म्हणजे चाक उभं किती कललंय ते, हलतो, त्यामुळे काम झाल्यावर अलाइनमेंट त्याच दिवशी, उद्या नाही. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. "हो गया" यावर समाधान मानायचं नाही, कागदावर टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर ते) हिरव्यात आलेला दिसला पाहिजे आणि सरळ जाताना स्टिअरिंग मधोमध असलं पाहिजे. जुने पार्टही परत मागून घ्या. माझं एक माउंटिंग मी ठेवलंय, बोट घातलं की रबर भाकरीच्या कडेसारखं मोडतं.

पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, गाड्यांच्या चाचण्या तिथे आपल्या घराशेजारी होतात. गाडी बनवणारे असल्या ट्रॅकवर स्प्रिंग, शॉकअप, बुश आणि टायर हे एकमेकांच्या हिशोबाने जुळवत बसलेले असतात, आणि आपण दुकानात दहा मिनिटांत त्यातली एक गोष्ट कडक करून टाकतो. म्हणून "कडक म्हणजे चांगलं" हे डोक्यातून काढा. नवे शॉकअप पहिल्या आठवड्यात थोडे ताठ लागतात, तेवढ्यावर घाबरून परत करायला जाऊ नका.

पाचशे किलोमीटर झाले की परत एकदा सगळे नट-बोल्ट पान्याने तपासून घ्यायचे, पाच मिनिटांचं काम आहे, माझा एक लिंक रॉडचा नट पाव आटा ढिला निघाला होता. चारही चाकांच्या मापांचे आकडे मी पार्किंगच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलेत, तारखेसकट. मागच्या एक्सलचे बुश अजून जुनेच आहेत, लांब वळणावर शेपूट जरा हलल्यासारखी वाटते, ते काम गणपतीनंतर काढणार आहे. त्याचे पैसे मात्र वेगळे जमवावे लागतील.